बिनफटीचं कडं

द्रुस्तिकचं नाव निघालं की आमच्या किनाऱ्यावरच्या बायका अजून आवाज खाली करतात. का करतात कुणास ठाऊक. तिने कुणाचं वाकडं केलं नव्हतं. कष्टाळू बाई, तोंडाने फटकळ, आणि कामात एवढी हट्टी की नवऱ्यालाही जुमानायची नाही. म्हातारपणी तिच्या शालीला हाडाची साधी टोचणी असायची. चांदी घडवणाऱ्याची बायको आणि खांद्यावर हाड! नवखा कुणी विचारायचा, "काय गं म्हातारे, घरातली चांदी संपली वाटतं?" ती म्हणायची, "माझी चांदी वर गढीवर आहे. जा, बघून ये." लोकांना वाटायचं म्हातारी थट्टा करतेय. थट्टा कसली डोंबलाची! ती खरं तेच सांगत होती.

ती मूळची उत्तरेकडच्या टोकावरची, सील मारणाऱ्यांच्या घरातली. व्होरेतशी लग्न झालं आणि गढीखालच्या त्याच्या घरी आली. व्होरेत तिथला चांदीकाम करणारा, शाल खांद्यावर अडकवायची काट्याची कडी घडवायचा. त्याचा बाप तेच करायचा, आजाही तेच. आल्या आल्या सासूने तिच्या हातात कानस दिली आणि म्हणाली, "काटे घास. रडायचं असेल तर घासता घासता रड." द्रुस्तिक रडली नाही. काटे मात्र असे घासायला शिकली की कापडातून जाताना लोकरीचा एक तंतू तुटायचा नाही. भाता तीच मारायची, साच्याची माती तीच मळायची, आणि तयार झालेलं प्रत्येक कडं आधी स्वतःच्या खांद्यावर लावून बघायची. तिच्या खांद्यावर बसलं तरच ते गिऱ्हाइकाकडे जायचं.

आमच्याकडच्या कड्याला फट असते. काटा शालीतून आरपार काढायचा, फटीतून वर घ्यायचा, आणि मग कडं वळवायचं. वळवलं की काटा अडकला, मग तुम्ही वाऱ्यात धावा की होडीत चढा, शाल जागची हलत नाही. म्हणून तर घराबाहेर पडणाऱ्याला दारातून हाक असते, "वळवलंस का?" जपून जा, वेळेवर ये, भांडू नकोस, सगळं त्यात आलं. द्रुस्तिक ही हाक आल्यागेल्याला द्यायची, भिकाऱ्यालासुद्धा, आणि त्या बिचाऱ्याच्या अंगावर कड्याचा पत्ता नसायचा.

व्होरेतची स्वतःची एक हाक होती, ती मात्र धंद्याची. साचा मातीचा. चांदी ओतून गार झाली की तो फोडावाच लागतो. व्होरेत तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत फोडायचा, तुकडे पायाने चुरायचा आणि छाती फुगवून म्हणायचा, "झालं! आता या भूमीवर असं दुसरं निघायचं नाही." गिऱ्हाईक खूश. प्रत्येकाला वाटायचं, आपल्यासारखं कडं फक्त आपल्याच खांद्यावर.

अर्ध्या गोष्टी खऱ्याच असतात हो. साचा फुटायचा हे खरं. पण ज्या शिशाच्या ठशावर माती दाबून साचा काढायचा, तो ठसा चुलीच्या दगडाखाली पुरलेला असायचा. दोन-चार वर्षांनी तोच ठसा बाहेर काढायचा, नक्षीत थोडा फेरफार करायचा, आणि लांबच्या खोऱ्यातल्या कुणाला तरी नवं म्हणून द्यायचं. सगळेच कारागीर असं करतात आणि कुणीच बोलत नाही. ठसे फक्त बाप मुलाला दाखवतो. मुलीला नाही, कारण मुलगी उद्या दुसऱ्या कारागिराच्या घरी जायची. व्होरेत आणि द्रुस्तिकची मुलं जगली नाहीत, जगली ती एकटी देरिली. त्या चुलीशेजारी ती रांगली, वाढली, काटे घासायला शिकली, पण दगडाखाली काय आहे ते तिला कधी सांगितलं नाही. द्रुस्तिक एकदा म्हणाली होती, "एकच पोर आहे आपल्याला, दाखव की." व्होरेत म्हणाला, "जावई आण, त्याला दाखवीन." आणि विषय मिटला.

मग गढीचा धनी गार्तनेत याने पश्चिमेच्या डोंगरापलीकडची बायको केली. मुरेन तिचं नाव. बाई वाईट नव्हती, उगाच कशाला म्हणू. पण माहेरचं ते सगळं चांगलं आणि इथलं ते सगळं ओबडधोबड, हा तिचा हेका. इथली जवाची भाकरी जाड, इथला वारा तिखट. व्होरेतला तिने बोलावून घेतलं.

"ही तुमची कडी अशी काय रे?" ती म्हणाली. "मोडल्यासारखी. आमच्याकडे अख्खी गोल असतात. मला तसं हवं."

व्होरेत म्हणाला, "बाईसाहेब, फट नसेल तर काटा अडकणार कशात?"

"दोरी बांधतात. कड्याला ओवायला नाकं ठेव, काट्याला रेशमाची दोरी. एवढंही येत नाही?"

आता धन्याची बायको विचारते 'येत नाही?' म्हटल्यावर कोण कारागीर नाही म्हणेल? व्होरेतने केलं. जुन्या रोमी चांदीच्या वाडग्याचा तुकडा गढीवरून आला होता, तो वितळवला. फटीच्या जागी दोन जनावरं समोरासमोर जबडे लावून बसवली, वर सोन्याचा मुलामा दिला. काम असं उतरलं की द्रुस्तिक बोलायची थांबली, आणि ते रोज होत नसे. पण दोरी पाहून तिचं डोकं फिरलं.

"कड्याला दोरी? ते काय वासरू आहे बांधून ठेवायला?"

"तिला हवंय तसं दिलं."

"मग नुसती दोरीच दे म्हणावं, चांदी कशाला नासवतोस?"

व्होरेतने कडं गढीच्या दालनात नेलं, सगळ्या सरदारांसमोर साचा फोडला आणि नेहमीचं वाक्य जरा जास्तच जोरात म्हटलं. मुरेनने टाळी वाजवली. त्या दिवशी देरिलीही बरोबर होती. कडं बाईंच्या खांद्यावर तिनेच लावलं, आणि तिचा हलका हात बाईंना इतका आवडला की तिला गढीवरच ठेवून घेतलं. द्रुस्तिकला केवढा अभिमान! दिसेल त्याला सांगत सुटली, "आमची देरिली रोज धनिणीला नेसवते."

थोड्या दिवसांनी देरिली घरी आली ती कुरकुरत. "आई, ती दोरी जीव खाते बघ. ओली झाली की गाठ सुटत नाही, आणि बाईसाहेब माझ्यावर खेकसतात."

"मग काढून टाक ती दोरी."

"आणि सुटलं तर?"

"कसं सुटेल? काटा मी घासलाय ना? आपल्या लोकरीत रुतून बसतो तो. माझ्या खांद्यावर सबंध सकाळ होतं, जागचं हललं नाही. नीट टोच, नेहमीसारखं वळव, आणि विसरून जा."

फट नसलेलं कडं वळवून काय होणार, सांगा मला! काटा नुसता वर टेकतो, कशातच अडकत नाही. द्रुस्तिकला हे समजत नव्हतं असं नाही. पण जन्मभर हाताने वळवलं होतं, आणि वळवलं की झालं असं तो हात सांगत होता. शिवाय तिने ते घालून पाहिलं ते घरात, भात्यापाशी बसून. धनीण काय घरात बसून राहणार होती?

वसंतातल्या मोठ्या सणाला सगळी गढी ओहोटीच्या वाळूवरून पलीकडच्या बेटावर, साधूंच्या देवळात निघाली. वारा असा की माणूस वाकडं होऊन चालत होतं. देवळात शिरता शिरता मुरेनची शाल खांद्यावरून घसरली. काटाही नाही आणि कडंही नाही. लोक धावत वाळूवर गेले, पण पाणी चढायला लागलं होतं. पुढच्या ओहोटीला पाहिलं, त्याच्या पुढच्याला पाहिलं. तिथली वाळू एका जागी राहते थोडीच! कडं गेलं ते गेलंच.

गढीचा कारभारी फोर्कुस. त्याने दोनच गोष्टी विचारल्या: सकाळी कडं कुणी लावलं, आणि दोरी कुठे आहे? कडं देरिलीने लावलं होतं. दोरी तिच्या पेटीत सापडली, नीट गुंडाळून ठेवलेली. झालं. दोरी मुद्दाम काढली, वाटेत हलकेच कडं काढून घेतलं, बापाच्या मुशीत एकदा गेलं की चांदीला चेहरा राहत नाही. असं फोर्कुस म्हणाला, आणि ऐकणाऱ्याला पटण्यासारखंच होतं ते. देरिलीला धान्याच्या कोठीत कोंडलं. मुरेनच्या भावाची होडी बंदरात उभी होती. वारा फिरला की ती किनाऱ्याला वळसा घालून पश्चिमेला निघणार, आणि चोरी करणारीला बटीक म्हणून तिच्यात घालणार, असं ठरलं.

द्रुस्तिक तशीच मातीच्या हातांनी गढीवर गेली. दालनाच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "दोरी मी काढायला सांगितली. पोरीचा काही दोष नाही. काय करायचं ते माझं करा."

मुरेन तिच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई आहेस. तू दुसरं काय बोलणार? माझी आईही हेच बोलली असती."

रागावली असती तर बरं झालं असतं हो! द्रुस्तिककडे रागाला उत्तर होतं. या मायेपुढे ती काय बोलणार? फोर्कुसने तिला दारापर्यंत आणून सोडलं आणि म्हणाला, "उगाच घसा कोरडा करू नकोस, बाई. कडं आण, मुलगी घेऊन जा."

ती घरी आली आणि तेच व्होरेतला सांगितलं. व्होरेतने आधी चुलीच्या दगडाकडे पाहिलं. मग म्हणाला, "कडं आण म्हणाला ना? आणू की कडं. करून देऊ."

"चांदी कुठेय?"

त्याने नुसतं तिच्या खांद्याकडे पाहिलं. तिथे लग्नातलं कडं होतं. व्होरेतने तरुणपणी स्वतः घडवलेलं, जुन्या रोमी चांदीचं, पांढरंशुभ्र, ज्यात तांब्याची भेसळ कुणी केली नव्हती. द्रुस्तिकने ते काढलं, त्याच्या हातात दिलं आणि भात्यापाशी जाऊन बसली. "बघत काय बसलास? टाक मुशीत." कडं मुशीत बसेना, म्हणून त्याचे तुकडे करावे लागले. तेही तिनेच केले.

दगडाखालून ठसा निघाला, साचा झाला, चांदी ओतली. नक्षी कोरायला व्होरेत बसला तो उठेचना. तीच जनावरं, तेच जबडे, शेपटीचा तोच वेढा, आणि वर मागच्या वेळी उरलेल्या सोन्याचा तोच मुलामा. द्रुस्तिकचा जीव टांगणीला लागलेला. दर थोड्या वेळाने दारात जाऊन वारा बघून यायची. "अरे बस झालं! एवढं कशाला कोरत बसलास? उन्नीस-बीस झालं तर काय बिघडतं?"

"आणि तिला पसंत पडलं नाही तर? कमअस्सल म्हणून परत फेकलं तर? माझी पोर आहे वर, द्रुस्तिक. यात मी कसर ठेवू?"

तिने काटा घासायला घेतला, आणि तिनेही कसर ठेवली नाही. आयुष्यात केलेलं सगळ्यात चांगलं काम त्या दोघांनी त्या दिवसांत केलं. मला अजून वाटतं, तो व्होरेत जरा आळशी असता, जरा बोटं थरथरली असती, एखादं शेपूट वाकडं आलं असतं, तर पोर घरी आली असती.

दालनात सगळे जमले होते. व्होरेतने फडकं उलगडलं. "नवं केलंय, बाईसाहेब. घरची चांदी घालून. आता माझी मुलगी द्या."

मुरेनने कडं उचललं. उलटं केलं, सुलटं केलं, जनावरांच्या डोळ्यांवरून बोट फिरवलं. तिचा चेहरा आधी खुलला आणि मग उतरत गेला. "नवं कसलं?" ती म्हणाली. "हे माझंच आहे."

"नाही, बाईसाहेब. तसंच आहे, पण नवं आहे."

फोर्कुस पुढे आला. "व्होरेत, इथे, याच जागी तू साचा फोडलास. काय म्हणाला होतास?"

व्होरेत हातातल्या फडक्याची घडी घालत राहिला.

"आम्ही सगळ्यांनी ऐकलंय. असं दुसरं निघायचं नाही म्हणालास. मग हे काय आहे?"

द्रुस्तिक ओरडली, "ठसा दाखव! अरे, ठसा दाखव त्यांना!" आणि व्होरेत हलत नाही असं बघून स्वतःच धावत सुटली, टेकडी उतरून घरी गेली, दगडाखालचा शिशाचा ठसा ओच्यात घालून परत आली आणि धापा टाकत धन्यासमोर ठेवला. "हे बघा मालक, यावरून काढतात. कितीही निघतात. साचा फुटतो, हा राहतो. नव्यात माझं लग्नातलं कडं गेलंय, हा बघा माझा खांदा, रिकामा आहे!"

मग एकेका सरदाराचा हात आपापल्या खांद्याकडे जायला लागला. प्रत्येकाने व्होरेतकडून कडं घेतलं होतं आणि प्रत्येकाच्या देखत साचा फुटला होता. म्हणजे आपल्यासारखं कडं दुसऱ्या कुणाच्या, एखाद्या मेंढपाळांच्या मुकादमाच्याही खांद्यावर असेल? त्यांना ती गोष्ट खरी नकोच होती. गार्तनेत व्होरेतला म्हणाला, "मग तेव्हा आमच्याशी खोटं बोललास, की आत्ता बोलतोयस?"

व्होरेत म्हणाला, "तेव्हा."

"खोटं बोलतो असं तूच म्हणतोस, आणि वर म्हणतोस माझ्यावर विश्वास ठेवा."

त्याने ठसा उचलला आणि शेकोटीत टाकला. शिसं ते, केवढा वेळ टिकणार? कोठीतल्या देरिलीला यातलं काही दिसलं नाही. तिच्यापर्यंत एवढंच पोचलं की हरवलेलं कडं आईबापांनी घरातून आणून दिलं. मुरेनने ते खांद्यावर लावलं, यावेळी दोरी घट्ट बांधून, आणि जन्मभर तेच वापरलं.

वारा फिरला तसं देरिलीला बंदरावर आणलं. तिचं स्वतःचं कडं काढून घेतलं होतं. शाल तिने मुठीत धरली होती. व्होरेत आला नाही. तो घरी चुलीकडे तोंड करून पडला होता, आणि नंतरची सगळी वर्षं तो जवळजवळ तसाच राहिला. द्रुस्तिक एकटीच आली. फोर्कुसने दोघींना थोडं बाजूला उभं राहू दिलं. तेवढी माणुसकी त्याच्यात होती.

द्रुस्तिकने भाकरी बांधून आणली होती, ती दिली. पोरीचे केस कानामागे केले. तिकडे कुणाशी उलट बोलू नकोस, पायात ओलं राहू देऊ नकोस, असलं काहीबाही सांगत राहिली. देरिली ऐकत होती. मग म्हणाली, "आई, एक विचारू? रागावू नकोस."

"विचार की."

"तुम्ही ते घरात कुठे ठेवलं होतं गं?"

द्रुस्तिकला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने पोरीचे दोन्ही खांदे धरले. "देरिली! अगं, ते नवं होतं. बाबांनी केलं. ठसा असतो शिशाचा, चुलीच्या दगडाखाली..."

"त्या चुलीपाशी मी वाढले, आई. मला नाही कधी दिसला."

"तुला दाखवायचा नसतो. मुलगी म्हणून. अगं शप्पथ, देवाची शप्पथ!"

देरिलीने तिचा हात धरला आणि थोपटला, लहान मुलाला थोपटतात तसा. "असू दे," ती म्हणाली. "बाबांना सांग, माझा राग नाही. मी तिकडे कुणाला सांगणार नाही."

फोर्कुसने हाक मारली. तिला होडीत चढवलं, वल्ही पाण्यात पडली. द्रुस्तिक कंबरभर पाण्यात शिरली आणि ओरडत राहिली, "आम्ही नव्हतं घेतलं! देरिली, आम्ही नव्हतं घेतलं गं!" होडीतून देरिली सारखी मान हलवत होती, हो, हो, कळलं, आता घरी जा.